कांदा, तीन देश आणि न जुळणारे रकाने : पुण्यातून चाललेल्या एका संयुक्त अभ्यासाचं प्रकरण

स्थिती अशी. पुण्यात धर्मादाय न्यासाखाली चालणारा एक संशोधन गट, ढाक्यातली एक स्वयंसेवी अभ्याससंस्था आणि कोलंबोतल्या विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग मिळून अठरा महिन्यांचा एक प्रकल्प हाती घेतात. निधी एका युरोपीय प्रतिष्ठानाचा. विषय : भारतानं कांद्याची निर्यात रोखली की शेजाऱ्यांशी व्यापार आणि राजनय यांचं काय होतं. तिन्ही संस्था इथे नमुन्यादाखल घेतल्या आहेत. त्यांच्या वाटेत येणारे कायदे, अधिसूचना, तारखा आणि आकडे मात्र खरे आहेत, आणि अशा कामात माशी नेमकी कुठे शिंकते ते सांगण्यासाठीच हे प्रकरण मांडलं आहे.

पहिल्या मसुद्यात विषय कांदा नव्हताच. ‘दक्षिण आशियातील प्रादेशिक सहकार्य आणि व्यापार’ असं भलंमोठं शीर्षक होतं. असले प्रस्ताव दरवर्षी ढिगानं येतात आणि सार्कची शेवटची शिखर परिषद २०१४ मध्ये काठमांडूला झाली, त्यापुढे सरकत नाहीत. पुण्याच्या गटानं विषय आवळला, कारण कांद्याची निम्मी सामग्री हाताशी होती. राज्य कृषी पणन मंडळाचं मुख्यालय गुलटेकडीला आहे आणि बाजार समित्यांची रोजची आवक व भाव तिथून मिळतात. कांदा-लसूण संशोधन संचालनालय राजगुरुनगरला आहे. चाकणचा बाजार तासाभरावर, लासलगाव-पिंपळगाव एका दिवसात जाऊन येण्यासारखं. प्रादेशिक राजनयाचा अभ्यास दिल्लीत बसूनच होतो, या समजाला पुण्यात बसून उत्तर द्यायचं तर आपल्या जिल्ह्यातून जो माल सीमा ओलांडतो त्याच्यापासून सुरुवात करणं शहाणपणाचं.

तारखांचा कणा आधी उभा केला. १३ सप्टेंबर २०१९ ला किमान निर्यात मूल्य (ज्याच्या खाली निर्यात करता येत नाही ती किंमत) टनाला ८५० डॉलर, २९ सप्टेंबरला पूर्ण बंदी, १५ मार्च २०२० पासून मोकळीक. पुन्हा १४ सप्टेंबर २०२० ला बंदी, १ जानेवारी २०२१ ला उठवली. मग १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क, २८ ऑक्टोबरला त्यावर ८०० डॉलरचं किमान मूल्य, ८ डिसेंबरपासून बंदी. ती ३१ मार्च २०२४ ला संपायची होती, ती लांबली आणि ४ मे २०२४ ला उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं.

या यादीत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. बंदी आणि किमान मूल्य ही विदेश व्यापार महासंचालनालयाची, म्हणजे वाणिज्य मंत्रालयाची हत्यारं. शुल्क अर्थ मंत्रालयाचं. अधिसूचना दोन वेगवेगळ्या ठिकाणी निघतात. एकाच संकेतस्थळावर शोधणाऱ्याच्या कालरेषेत भोकं राहतात, आणि कोलंबोच्या पहिल्या तक्त्यात नेमकं तेच झालं होतं : त्यात बंद्या सगळ्या होत्या, शुल्क एकही नव्हतं.

पैशाची वाट

प्रतिष्ठानाची नेहमीची पद्धत अशी की एका संस्थेला ‘मुख्य’ नेमायचं, सगळी रक्कम तिच्या खात्यात टाकायची आणि बाकीच्यांना तिनं वाटायची. मुख्य संस्था म्हणून पुण्याचं नाव आलं आणि इथेच प्रस्ताव अडला. विदेशी योगदान नियमन कायद्यातल्या कलम ७ मध्ये २०२० साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून परदेशी निधी घेणारी संस्था तो दुसऱ्या कोणालाही हस्तांतरित करू शकत नाही. नोंदणी असलेल्या दुसऱ्या भारतीय संस्थेलाही नाही, मग ढाक्याला पाठवणं तर लांबच. त्याच दुरुस्तीनं प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच आली पाहिजे असं बंधन घातलं. खातं पुण्यातल्या शाखेत असलं तरी पहिली पायरी दिल्लीचीच.

तोडगा साधा होता. प्रतिष्ठानानं तीन स्वतंत्र करार केले, तीन स्वतंत्र रकमा दिल्या, आणि तिघांना बांधणारा सामंजस्य करार पैशाचा उल्लेख न करता वेगळा झाला. त्यात फक्त कामाची वाटणी, विदेची, म्हणजे गोळा केलेल्या आकडेवारीची मालकी, लेखकांचा क्रम आणि मतभेदाचं कलम. हे सुचायला प्रतिष्ठानाच्या कायदा विभागाला वेळ लागतो. तो वेळ अठरा महिन्यांत मोजू नये, त्याआधी धरावा.

पुण्याची संस्था राज्य कायद्यानं स्थापन झालेलं विद्यापीठ असतं आणि तिच्या हिशेबाची तपासणी नियंत्रक व महालेखापरीक्षकांकडून सक्तीनं होत असती, तर तिला या कायद्यातून सूट मिळाली असती. न्यासाला ती नाही. नोंदणी नसेल तर त्या एका प्रकल्पापुरती पूर्वपरवानगी मागता येते. नोंदणीच हवी असेल तर किमान तीन वर्षांचं अस्तित्व आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत मुख्य कामावर १५ लाख रुपयांचा खर्च दाखवावा लागतो. नवा, उत्साही, दोन वर्षांचा गट इथेच बाद होतो. अशा गटानं कायद्यानं स्थापन झालेल्या विद्यापीठाच्या एखाद्या विभागाला पुढे करावं आणि आपली माणसं तिथे प्रकल्पावर नेमून घ्यावीत.

ढाक्याच्या बाजूलाही असंच दार आहे. तिथे २०१६ च्या कायद्याखाली परदेशी देणगीचा प्रत्येक प्रकल्प एनजीओ व्यवहार ब्युरोकडून मंजूर करून घ्यावा लागतो, एफडी-६ या नमुन्यात. त्या अर्जात लिहिलेलं कामाचं वर्णन आणि पुण्याच्या करारातलं वर्णन शब्दाला शब्द जुळलं पाहिजे. पुण्यानं ‘व्यापार धोरणाचा अभ्यास’ लिहायचं आणि ढाक्यानं ‘शेतकरी प्रशिक्षण’, असं झालं की दोन्हीकडचे लेखापरीक्षक प्रश्न विचारतात, आणि विचारायलाच हवेत.

तक्ता

खरं काम आणि खरं भांडण इथे झालं.

तिन्ही गटांनी आपापल्या देशाचे मासिक आकडे आणून एका तक्त्यात ओतायचे, असं ठरलं होतं. पहिल्या आठवड्यात निम्म्या ओळी जुळेनात. कारण हास्यास्पद होतं. कांद्याचा सहा अंकी एचएस कोड, म्हणजे माल ओळखायचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, ०७०३१०. स्प्रेडशीट त्याला संख्या समजते आणि पुढचं शून्य गिळते, उरतं ७०३१०. बांगलादेशचा देश-कोड ०५० आहे, त्याचाही ५० होतो. शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या कॉमट्रेड या व्यापार-आकडेवारीच्या साठ्यात भारताचा कोड ६९९, तर बाकी बहुतेक याद्यांमध्ये ३५६. कोडावर जोडणी केली की भारत सरळ गायब. उपाय : सगळे कोड मजकूर म्हणून आयात करायचे, फाइल उघडण्याआधी स्तंभाचा प्रकार ठरवायचा, आणि देशांची जुळवणी-यादी एकाच माणसानं करून बाकीच्यांनी तीच वापरायची.

पुढचा पेच कॅलेंडरचा. भारताचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, बांगलादेशचं जुलै ते जून, श्रीलंकेचे व्यापाराचे आकडे जानेवारी ते डिसेंबर. वार्षिक आकडे शेजारी ठेवून तुलना करणारे लेख आजही छापून येतात. ते निरुपयोगी आहेत. कांद्याच्या बाबतीत तर दुप्पट निरुपयोगी, कारण वर्षाच्या बेरजेत बंदी बुडून जाते. २०२३-२४ या वर्षात जवळजवळ चार महिने बंदी होती, त्याआधी शुल्क होतं, तरी वर्षाची निर्यात १७.१७ लाख टन दिसते. एवढा एकच आकडा पाहणाऱ्याला बंदीचा मागमूस लागणार नाही. म्हणून महिना हेच एकक धरलं. पिकाच्या हंगामालाही तेच सोयीचं : लाल कांदा ऑक्टोबरपासून, रांगडा जानेवारी ते मार्च, उन्हाळ एप्रिल-मेमध्ये निघून साठवणुकीच्या चाळीत, आणि चाळ रिकामी होत असताना, म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबर, भावाला आग. वर दिलेल्या तारखा पुन्हा पाहा. तिन्ही वेळा पहिलं पाऊल ऑगस्ट-सप्टेंबरातच पडलं आहे.

महिना धरला तरी दोन बाजूंचे महिने एक नसतात. भारतीय बाजूला माल निर्यातीसाठी सोडला की नोंद होते. पलीकडे आयातीचं बिल ऑफ एंट्री, म्हणजे सीमाशुल्क खात्याकडचं आयातपत्र, दाखल होतं तेव्हा. नाशिकहून बांगलादेश सीमेवरचा पेट्रापोल नाका सुमारे दोन हजार किलोमीटर. तिथे रांग, पलीकडे बेनापोलला भारतीय ट्रक रिकामा करून माल बांगलादेशी ट्रकमध्ये. महिनाअखेरीस सुटलेला माल पलीकडे पुढच्या महिन्यात उगवतो. वाटेत वजनही घटतं : पाणी सुटतं, सड निघते, कोंब येतात. त्यामुळे वजनाचे आकडे तंतोतंत जुळले तर आनंद मानण्याऐवजी संशय घ्यावा. कोणीतरी एकाचा आकडा दुसऱ्याच्या रकान्यात उतरवलेला असतो.

आता किंमत. निर्यात एफओबी, म्हणजे बंदरावर किंवा सीमेवर चढवेपर्यंतची. आयात सीआयएफ, म्हणजे भाडं आणि विमा धरून. आयातीचा आकडा दहा टक्क्यांनी मोठा असतो असं गृहीत धरायची जुनी रीत आहे. ट्रकवरून जाणाऱ्या नाशवंत मालाला ती लावू नये. पण त्याहून मोठी फसगत किमान निर्यात मूल्याची. ८०० डॉलर ही अट आली की कागदावर टनाला ८०० च्या खाली कोणीच जाऊ शकत नाही. त्या काळात मूल्याला वजनानं भागून ‘भाव’ काढला तर तो ८०० पाशी थबकलेला दिसतो. तो बाजारभाव नव्हे, ती अटीची सावली आहे. उलट नुसतं टक्केवारीचं शुल्क असलेल्या काळात, म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२३ मध्ये, निर्यातदाराचं हित किंमत कमी दाखवण्यात असतं, कारण शुल्क दाखवलेल्या किमतीवर लागतं. मे २०२४ नंतर दोन्ही एकत्र : ५५० वर ४० टक्के, म्हणजे २२० शुल्क, सीमेवर किमान ७७०. अशा परिस्थितीत मूल्याच्या आकड्यांवरून लवचीकता (भाव बदलला की मागणी किती बदलते ते) वगैरे काढत बसणं म्हणजे धूर मोजून स्वयंपाक ओळखणं. गटानं मूल्य बाजूला ठेवून वजनावर विश्लेषण करायचं ठरवलं, आणि भावासाठी लासलगावचा लिलाव, ढाक्याचा श्यामबाजार, चट्टग्रामचं खातूनगंज आणि कोलंबोचा पेट्टा इथले घाऊक दर घेतले. क्विंटल, मण आणि किलो यांचं एकक करताना बांगलादेशी मण सरसकट ४० किलो धरता येत नाही. जुना मण ३७.३२ किलोचा होता, आणि बाजारागणिक कोणता चालतो ते विचारूनच घ्यावं लागतं.

बंदीच्या महिन्यात शून्य का नाही, हा कोलंबोचा प्रश्न. त्याला तीन उत्तरं आहेत. एक, वाटेत अडकलेला माल : सप्टेंबर २०२० मध्ये बंदीनंतर काही दिवसांनी बांगलादेशकडे निघालेला सुमारे २५ हजार टन कांदा सोडला गेला. दोन, जातीची सूट : त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेंगळुरू रोझ आणि कृष्णापुरम या जातींचा प्रत्येकी १० हजार टन कांदा चेन्नई बंदरातून पाठवायला परवानगी मिळाली. सहा अंकांवर हे सगळं एकाच कोडात मिसळतं. त्यात छोटे शॅलट कांदेही येतात. आठ अंकांवर गेल्याशिवाय नाशिकचा कांदा वेगळा काढता येत नाही, आणि आठ अंकांचे कोड प्रत्येक देशाचे निराळे. श्रीलंकेत मोठा कांदा आणि लाल छोटा कांदा यांचे कोडच वेगळे आहेत. तीन, मैत्रीचा कोटा. या अभ्यासासाठी सगळ्यांत मोलाचं हेच. मार्च २०२४ मध्ये, बंदी चालू असताना, नॅशनल कोऑपरेटिव्ह एक्स्पोर्ट्स या सहकारी निर्यात संस्थेमार्फत बांगलादेशला ५० हजार टन आणि संयुक्त अरब अमिरातीला १४,४०० टन देण्याची अधिसूचना निघाली. पुढे भूतान, बहरीन, मॉरिशस आणि श्रीलंका जोडले गेले आणि एप्रिलअखेर सहा देशांसाठी मंजूर आकडा ९९,१५० टनांवर पोचला. इथे व्यापार आणि राजनय एकाच ओळीत दिसतात. म्हणून तक्त्यात ‘मंजूर कोटा’ आणि ‘प्रत्यक्ष गेलेला माल’ असे दोन रकाने केले. मंजुरीच्या बातमीला निर्यात समजण्याची चूक वर्तमानपत्रांपासून शोधनिबंधांपर्यंत सगळीकडे होते.

पुण्याच्या पहिल्या मसुद्यानं २०२३ मधली बांगलादेशची घट सरसकट भारतीय धोरणाच्या खात्यावर टाकली होती. ढाक्यानं तो मसुदा परत पाठवला, आणि बरोबर केलं. बांगलादेशात कांदा आणायचा तर तिथल्या कृषी विस्तार विभागाचा आयात परवाना लागतो. देशी पीक निघायच्या सुमारास आपल्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून सरकार हे परवाने थांबवतं. मार्च २०२३ पासून जूनच्या सुरुवातीपर्यंत ते बंद होते, तेव्हा भारताकडून कसलीही अडवणूक नव्हती. श्रीलंकेची तऱ्हा वेगळी : तिथे २००७ च्या कायद्याखाली मोठ्या कांद्यावर विशेष वस्तू अधिभार लागतो आणि मातळे भागातलं पीक निघालं की तो वाढवता येतो. शिवाय २०२२ मध्ये त्यांच्याकडे डॉलरच नव्हते. मार्चमध्ये भारतानं जीवनावश्यक वस्तूंसाठी १ अब्ज डॉलरची पत दिली आणि एप्रिलमध्ये श्रीलंकेनं परदेशी कर्जफेड थांबवली. या काळात कमी झालेला कांदा दिल्लीच्या माथी मारता येत नाही.

तक्त्यात मग प्रत्येक महिन्याला आयातदार देशाच्या बाजूची कळ दाखवणारा रकाना आला : परवाना चालू की बंद, अधिभार किती. हा रकाना पुण्यात बसून भरता आलाच नसता. राजपत्रं बंगाली आणि सिंहली भाषेत असतात, आणि कोणती सूचना प्रत्यक्ष अमलात आली हे तिथल्या आयातदारालाच माहीत असतं. परदेशी सहकारी कशाला हवेत, याचं याहून रोखठोक उत्तर नाही.

एवढं करूनही भारताची निर्यात आणि बांगलादेशची आयात जुळली नाही. त्यातही बांगलादेशचे आकडे दोन ठिकाणचे : राष्ट्रीय महसूल मंडळाच्या सीमाशुल्क नोंदी आणि बांगलादेश बँकेच्या भरण्यावर आधारित नोंदी. कॉमट्रेडमध्ये बांगलादेशची मालिका खंडित आहे, ती भरून काढायला अभ्यासक आरशातले आकडे, म्हणजे समोरच्या देशाच्या नोंदी वापरतात आणि मग तुम्ही भारताची तुलना भारताशीच करत बसता. निधी देणाऱ्यानं सुचवलं, सरासरी काढा. पुण्यानं नकार दिला. तफावत मिटवायची वस्तू नव्हे. बंदीच्या काळात ती फुगते की आटते, कोणत्या नाक्यावर फुगते, किमान मूल्य असताना वजनात जास्त की किमतीत जास्त, हाच खरा माल आहे. सरासरीनं तो पुसला जातो. करारातल्या मतभेदाच्या कलमात शेवटी एवढंच लिहिलं : दोन्ही अधिकृत आकडे शेजारी छापायचे, फरकाचा तिसरा रकाना ठेवायचा, आणि कारणाबद्दल एकमत झालं नाही तर दोन्ही मतं सहीसकट तळटीपेत.

विकत मिळणारी माहिती

पहिल्या सहा महिन्यांत कोलंबोकडून एक आकर्षक प्रस्ताव आला. खासगी कंपन्या खेपेगणिक माहिती विकतात : निर्यातदाराचं नाव, वजन, किंमत, बंदर, तारीख. विकत घेऊ, परिशिष्टात देऊ. पुण्याला इथे ठाम राहावं लागलं. वित्त कायदा २०२२ नं सीमाशुल्क कायद्यात कलम १३५-एए घातलं. निर्यात वा आयातीसाठी दाखल केलेल्या मालाचं मूल्य, वर्गीकरण, प्रमाण किंवा निर्यातदार-आयातदाराचा तपशील कायद्यानं आवश्यक नसताना प्रसिद्ध केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. केंद्र सरकारनं स्वतः किंवा त्याच्या वतीनं प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीला हे लागू नाही.

कोलंबोतून छापलं तर काय, असा युक्तिवाद झाला. पुण्याचे संशोधक सहलेखक असताना तो युक्तिवाद कोणी करू नये. गटानं वाणिज्य मंत्रालयाच्या निर्यात-आयात विदा-पेढीतले वस्तू आणि देश पातळीवरचे आकडे आणि कोलकात्याच्या वाणिज्यिक माहिती व सांख्यिकी महासंचालनालयाची आकडेवारी एवढ्यावर काम केलं. नाकानिहाय बारकावा हवा तिथे बांगलादेशी बाजूची आयात वापरली. आज अनेक नियतकालिकं लेखासोबत मूळ विदा जमा करायला सांगतात, म्हणून हा निर्णय लेख लिहून झाल्यावर नव्हे, विदा गोळा करण्याआधी घ्यायचा असतो.

राजनयाचा पुरावा

व्यापाराचे आकडे निदान असतात. दोन सरकारं एकमेकांशी काय बोलली याचा कागद सहसा मिळत नाही. माहिती अधिकारात अर्ज करता येतो, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस; पण कलम ८(१)(अ) परराष्ट्र संबंधांना बाधा येईल अशी माहिती नाकारायची मुभा देतं आणि दूतावासांच्या पत्रव्यवहारावर ते हमखास लावलं जातं. म्हणून अर्ज पत्राचा करू नये, तारखेचा करावा : अमुक अधिसूचनेच्या आधी संबंधित देशाला पूर्वसूचना दिली होती का, कोणत्या दिवशी. ‘हो’, ‘नाही’ किंवा तारीख, एवढंच उत्तर पुरतं. लोकसभा-राज्यसभेतली लेखी उत्तरं हा दुसरा, फार कमी वापरला जाणारा साठा. कोट्याचे देशनिहाय आकडे तिथे सापडतात.

पूर्वसूचना हा मुद्दा हवेतून आलेला नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये दिल्लीतल्या व्यापारी मेळाव्यात बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी, आपण स्वयंपाक्याला कांद्याशिवाय जेवण करायला सांगितलं आहे असं हसत सांगितलं आणि पुढच्या वेळी आधी कळवा, अशी विनंती जाहीरपणे केली. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथे किलोला २५० टकापर्यंत भाव गेला आणि विमानानं कांदा उतरवला गेला. पुढच्या सप्टेंबरात पुन्हा तेच. डिसेंबर २०२२ मध्ये वाणिज्यमंत्र्यांच्या बैठकीत बांगलादेशनं तांदूळ, गहू, साखर, कांदा, आलं, लसूण यांच्या वार्षिक कोट्याची मागणी ठेवली. या तीन घटना एका रेषेत लावल्या की विनंतीचं रूपांतर मागणीत होताना दिसतं. संख्याशास्त्र हे सांगत नाही.

मुलाखतींसाठी प्रत्येक गटानं आपापल्या संस्थेच्या आचारसमितीची मंजुरी घेतली, पण प्रश्नावली एकच ठेवली नाही. लासलगावच्या अडत्याला ‘द्विपक्षीय संबंध’ विचारून काही मिळत नाही. त्याला विचारायचं : बंदीच्या दिवशी किती गाड्या वाटेत होत्या, त्या कुठे वळवल्या, नुकसान कोणी सोसलं, पलीकडच्या आयातदाराचे पैसे किती दिवसांनी आले. बेनापोलच्या क्लिअरिंग एजंटला विचारायचं : किती दिवस ट्रक उभा, कोणत्या तारखेला किती सोडले. पेट्ट्यातल्या आयातदाराला : पुढची ऑर्डर कोणत्या देशाला दिली आणि भारत उघडल्यावर परत आलात का. इजिप्त, तुर्कस्तान, चीन, पाकिस्तान, म्यानमार ही नावं पहिल्याच उत्तरात येतात. परत कधी आलात, हे तिसऱ्यांदा विचारल्यावर.

सेवेतले अधिकारी नाव न देण्याच्या अटीवर बोलतात. त्यांचं बोलणं स्वतंत्र पुरावा धरायचा नाही, कागद कुठे शोधायचा याची दिशा धरायची, हा नियम तिघांनी पाळला. पाळताना जड गेला, कारण चमकदार वाक्यं तिथेच असतात.

भेटायचं कुठे

पुण्यात दोन दिवसांची बैठक घ्यायची होती. परदेशी सहभागींना परिषद व्हिसा लागतो. पर्यटन व्हिसावर बोलावणं ही आयोजकाच्या अंगाशी येणारी सोय आहे. निमंत्रणासोबत परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मंजुरी लागते, आणि पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराक, सुदान इथले नागरिक असतील तर गृह मंत्रालयाची सुरक्षा मंजुरीही. नावांची यादी बदलली की सगळं नव्यानं. त्यात ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्तापालट झाल्यावर भारतीय व्हिसा केंद्रांचं काम फारच मर्यादित झालं. बैठक काठमांडूला हलवली. भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही, आणि बांगलादेश-श्रीलंकेच्या नागरिकांना सार्क देशांचे म्हणून वर्षातल्या पहिल्या भेटीला ३० दिवसांचा व्हिसा विमानतळावर विनाशुल्क मिळतो. विमानानं जाणाऱ्या भारतीयानं पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्यावं. आधार चालत नाही. पुण्याहून दिल्लीमार्गे जाणं आलं, तरी खर्च पुण्यातल्या बैठकीपेक्षा फार वाढला नाही, कारण मंजुरीच्या वाटेवर रद्द करावी लागणारी तिकिटं वाचली.

ऑनलाइन बैठकींबद्दल अजूनही गोंधळ आहे. जानेवारी २०२१ मध्ये शिक्षण मंत्रालयानं काही विषयांवरच्या आंतरराष्ट्रीय ऑनलाइन परिषदांना पूर्वमंजुरी सक्तीची केली होती आणि फेब्रुवारीत ते पत्रक मागे घेतलं. अनेक महाविद्यालयांच्या फायलींत पहिलंच पत्रक आहे, दुसरं नाही. कुलसचिव अडवतात तेव्हा दुसऱ्याची प्रत सोबत असावी.

छपाईपूर्वी

कायद्याच्या प्रकरणावर दोन महिने गेले, आणि ते सत्कारणी. गॅट या जागतिक व्यापार कराराचं कलम ११ निर्यातीवर संख्यात्मक बंधन घालायला मनाई करतं, पण अन्नपदार्थांची तीव्र टंचाई टाळण्यासाठी तात्पुरती बंदी चालते असंही सांगतं. शेतीविषयक कराराचं कलम १२ म्हणतं, बंदीच्या आधी शक्य तितक्या लवकर लेखी सूचना द्या आणि आयातदारांच्या अन्नसुरक्षेचा विचार करा. विकसनशील देशांना यातून सूट आहे. मात्र तो देश त्या पदार्थाचा निव्वळ निर्यातदार असेल तर सूट नाही. कांद्याबाबत भारत निव्वळ निर्यातदार आहे. ढाक्याला यावर ठाम निष्कर्ष हवा होता, पुण्याला ‘तीव्र टंचाई’ कशाला म्हणायचं ते आधी ठरवायचं होतं : लासलगावचा भाव की दिल्लीतला किरकोळ दर? एकमत झालं नाही. मतभेदाचं कलम वापरलं गेलं ते इथेच, आकड्यांवर नव्हे.

शेवटची अडचण नकाशाची निघाली. युरोपीय प्रकाशकानं आपल्या साच्यातला दक्षिण आशियाचा नकाशा लेखात घातला. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारी सीमा दाखवणारा नकाशा प्रसिद्ध करणं १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमाखाली गुन्हा आहे, आणि प्रकाशकाची ‘सीमा केवळ निर्देशक’ ही टीप इथल्या लेखकाला वाचवत नाही. नकाशा काढून टाकला. त्याजागी दोन ओळींची रेखाकृती दिली, सीमा न काढता : लासलगाव–पेट्रापोल–बेनापोल–श्यामबाजार, आणि लासलगाव–न्हावा शेवा–कोलंबो–पेट्टा. प्रत्येक टप्प्याखाली माल थांबण्याचे दिवस, बंदीच्या आधीचे आणि बंदीच्या आठवड्यातले. प्रकाशकाच्या कलाविभागाला ती ओबडधोबड वाटली. लेख तपासणाऱ्या तज्ज्ञांपैकी एकानं मात्र तेवढ्याच आकृतीवर चार प्रश्न पाठवले, आणि त्यांतल्या दोन प्रश्नांची उत्तरं द्यायला बेनापोलच्या एजंटांकडे पुन्हा जावं लागलं.